उसनं नाक

सुलभाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यावर चिडलेलीच होते. आदल्या आठवड्यात त्यांना नागपूरला अँजिओग्राफीसाठी न्यायचं ठरलं होतं. विनायक, म्हणजे माझे यजमान आणि ताईंचे धाकटे भाऊ, वकिली करतात. त्यांनी त्या दिवशीच्या तारखा पुढे ढकलून घेतल्या होत्या, गाडी सांगून ठेवली होती. आणि ताईंनी परस्पर हॉस्पिटलला फोन करून कळवलं की पुढच्या महिन्यात येते. कारण काय, तर अमरावतीला आमच्या फाटकाशी असलेल्या सोनचाफ्याला बहर आला होता. मी फोनवर खूप बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "फुलं काय माया तारखेवर येतात?" मग त्या आमच्याकडे आल्या, राहिल्या, एसटीने अकोल्याला परत गेल्या, आणि दोनच दिवसांनी सकाळी त्यांच्या शेजारणीचा फोन आला. दाराला अडकवलेली दुधाची पिशवी ऊन चढेपर्यंत तशीच लटकत होती, म्हणून तिने खिडकीतून हाक मारली होती...

आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, झोपेत गेल्या, भाग्यवान. मी चहा देते. मला त्यात भाग्य दिसत नाही, रद्द केलेली ती तारीख तेवढी दिसते.

ताई अकोल्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे कोणाला विचारू दिलं नाही. नाव सुलभा असलं तरी त्यांच्याशी वागणं सोपं होतं असं मी म्हणणार नाही. मी नाशिकची. लग्नाच्या दिवशी मांडवात त्या माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या, वाकल्या, माझ्या केसांचा वास घेतला आणि म्हणाल्या, "गजरा शिळा हाये. वरून सेंट मारला." माझ्या आईने हे वाक्य पुढे कित्येक वर्षं मनात ठेवलं. मलाही तेव्हा वाटलं होतं की या घरात आपला काही निभाव लागत नाही. पुढे कळत गेलं की दोष त्यांनी मला दिला नव्हता, गजऱ्याला दिला होता. त्यांच्या दृष्टीने या दोन अगदी वेगळ्या गोष्टी होत्या, आणि बाकीच्यांना त्या वेगळ्या दिसत नाहीत याचं त्यांना खरंच नवल वाटायचं. चारचौघांत आणि वर्गात त्या शुद्ध मराठी बोलत. घरात पाऊल टाकलं की वऱ्हाडी. मी शाळेत मराठी शिकवते हे कळल्यावर तर माझ्याशी मुद्दाम जास्तच.

राजापेठेत आम्ही घर बांधलं तेव्हा फाटकाशी सोनचाफ्याचं कलम त्यांनीच आणून लावलं. अकोल्याला स्वतःच्या अंगणात त्यांनी आधी लावून पाहिलं होतं, पण तिथलं पाणी खारं. झाड पानांच्या कडांपासून करपत गेलं. आमच्याकडे ते फोफावलं. समोर पुढे ट्यूशन क्लास निघाला, मुलांच्या दुचाक्या झाडाच्या सावलीत लागायला लागल्या, आणि सकाळच्या बॅचची मुलं सुटायची तेव्हा त्यांच्या सीटवर पिवळ्या पाकळ्या चिकटलेल्या असायच्या. ताई आल्या की आधी दुचाक्या हलवायला लावत, मग घरात येत. आमची मुलगी परदेशातून एकदा अत्तराची बाटली घेऊन आली. खोक्यावर मोठं पांढरं फूल आणि खाली मॅग्नोलिया असं छापलेलं. ताईंनी तिला समजावलं की सोनचाफा, कवठी चाफा आणि हे मॅग्नोलिया, सगळी एकाच कुळातली. देवळाशी ज्याचा सडा पडतो तो पांढरा चाफा मात्र नावापुरताच चाफा. मग त्यांनी ती बाटली कागदाच्या पट्टीवर उडवली, पट्टी हवेत हलवली, बराच वेळ थांबल्या, वास घेतला. म्हणाल्या, "हे फूल नाई. फुलाचं वर्णन हाये. अन् वर्णन करनाऱ्यानं फूल पाह्यलं नाई." मुलगी हिरमुसली. तिने ते अत्तर पुन्हा त्यांच्यासमोर कधी लावलं नाही.

बाटलीतला वास प्रयोगशाळेत जुळवलेला असतो याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती, हे सांगायला हवं. लोकांना वाटायचं की ही बाई नैसर्गिकवाली असणार. तसं काही नव्हतं. त्या म्हणायच्या, रेणूला आई-बाप नसतात. तो फुलात झाला काय आणि चंबूत झाला काय, वास तोच. बऱ्याच फुलांचा वास पिळून निघतच नाही, मग अत्तर करणारा तो आठवून आठवून एकेक रेणू जोडत नेतो. ताईंचं म्हणणं एवढंच, की आठवण तरी बरोबर असावी. आणि दुसरी त्यांची तक्रार होती विद्यार्थ्यांबद्दल. पोरं जन्मात एकदाही नाकाशी न धरता उत्तरपत्रिकेत 'गोड, फळासारखा वास' असं लिहून गुण घेतात, याचा त्यांना संताप यायचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं की सोनचाफा बाटलीत उतरवायचा. मला वाटतं त्यात त्या संतापाचा भाग बराच होता.

आधी त्यांनी जुनी पद्धत करून पाहिली. तांब्याच्या हंड्यात फुलं उकळायची आणि वाफ चंदनाच्या तेलात जिरवायची. हंडा मिळवून दिला अन्वरभाईंनी. अकोल्याच्या जुन्या बाजारात त्यांचं अत्तराचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. ताई इथून पहाटेची फुलं ओल्या फडक्यात बांधून एसटीने अकोल्याला न्यायच्या. बडनेरा मागे पडलं की पाकळ्यांच्या कडा तपकिरी व्हायला लागत, आणि घरी पोचेपर्यंत अर्धी फुलं मान टाकत. जे अत्तर निघालं ते घेऊन त्या दुकानात गेल्या. अन्वरभाईंनी बूच काढलं, वास घेतला आणि बूच परत लावलं. "मॅडम, चंपा तो है इसमें," ते म्हणाले, "मगर उबला हुआ है. मी हे विकणार नाही, आप बुरा मत मानना." ताईंनी मुळीच बुरा मानलं नाही. तोंडावर खरं बोलणारा माणूस सापडला म्हणून त्या उलट खूश झाल्या आणि दर आठवड्याला त्या दुकानात जाऊन बसू लागल्या.

उष्णतेने चाफा मरतो हे कळल्यावर त्यांनी थंड पद्धत धरली, आणि ती माझ्या घरात. काचेच्या तावदानांवर वनस्पती तुपाचा थर द्यायचा, त्यावर पहाटे तोडलेली फुलं पालथी अंथरायची, दुसऱ्या दिवशी ती उचलून नवी. तूप वास पिऊन घेतं, मग स्पिरिटने तो तुपातून सोडवायचा. ऐकायला छान आहे. पण अमरावतीच्या उन्हाळ्यात तूप काचेवर थांबतं कुठे? ते वितळून ओघळायला लागलं. मग तावदानं माझ्या फ्रिजमध्ये आली. दह्याला चाफा, भिजवलेल्या कणकेला चाफा, लोणच्याच्या बरणीलासुद्धा चाफा. विनायकांच्या एका अशिलाने चहा पिता पिता विचारलं की वहिनी, दुधात काही घातलंय का. मी शेवटी ताईंना म्हटलं की हे स्वयंपाकघर आहे हो. "प्रयोगशाळेपेक्षा स्वच्छ हाये," त्या म्हणाल्या. हे कौतुक होतं, आणि त्यावर भांडता येत नव्हतं. सणाला वगैरे मी तावदानं बाहेर काढून ठेवायचे, त्या न बोलता परत आत ठेवायच्या. असे आमचे दोन-तीन बहर गेले.

मग एका वर्षी ते जमलं. का जमलं हे त्यांनाही नीट सांगता आलं नाही. करंगळीएवढ्या बाटलीचा तळ जेमतेम झाकला जाईल एवढं काहीतरी पिवळसर निघालं. अन्वरभाईंनी ते मनगटावर लावलं, दोन-तीन गिऱ्हाइकं केली, मध्ये चहा मागवला, आणि बऱ्याच वेळाने मनगट परत नाकाशी नेलं. "ये ज़िंदा है," ते म्हणाले. त्या दिवशी अकोल्याहून ताईंनी मला फोन करून हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं. आनंद झाला असं त्या म्हणाल्या नाहीत. ते वाक्य मात्र त्यांनी दोनदा सांगितलं.

ताईंची एक विद्यार्थिनी, प्रणाली, मुंबईत सुगंध तयार करणाऱ्या एका कंपनीत लागली होती. मोर्शीची मुलगी, संत्र्याच्या बागेत वाढलेली. त्यांच्या कंपनीत भारतीय फुलांच्या सुगंधांचा एक संच करायचं चाललं होतं, आणि सोनचाफा कोणालाच धड जमत नव्हता. ताईंच्या बाटलीतलं अत्तर विकण्याएवढं नव्हतं, पण नमुना म्हणून चालणार होतं. तो समोर ठेवून कंपनीच्या कुप्यांमधले घटक थेंब थेंब जुळवत जायचं आणि प्रमाण मुंबईला कळवायचं, असं ठरलं. ताईंनी नवं टेबल घेतलं. त्यांच्या परीने तो उत्सव होता. प्रणालीही तिकडे जुळवत असे आणि आपले प्रयत्न पाठवत असे. संत्र्याच्या फुलात आणि सोनचाफ्यात एक घटक सारखा आहे, आणि प्रणालीच्या हातून नेमका तोच जास्त पडायचा. ताई तिला फोनवर सांगायच्या, "तुया चाफा संत्र्याच्या बागेत उभा हाये. बाहेर काढ त्याले." काम अर्ध्याच्या पुढे आलं होतं. ताई तेवढ्या खुशीत मी कधीच पाहिल्या नव्हत्या.

आणि मग कोविडची दुसरी लाट आली.

ताप फारसा नव्हता. अकोल्याला घरीच होत्या, आम्हाला येऊ दिलं नाही. एक दिवस फोन आला. आवाज नेहमीचाच. "वसू," त्या म्हणाल्या, "फिनेल पान्यासारखं झालं." मला आधी कळलंच नाही. फिनेलचा वास येत नाही, असं त्या सांगत होत्या. मी म्हटलं, सगळ्यांनाच होतंय, दोन आठवड्यांत परत येतो. खूप जणांचा आला. त्यांचा आला नाही. डॉक्टरांनी लवंग, लिंबू, निलगिरी असं रोज ठरावीक वेळी हुंगायला सांगितलं होतं. ते त्यांनी जप केल्यासारखं महिनोन् महिने केलं. काहीही नाही. विनायकांचा वास कोविडनंतर परत आला होता, आणि फोडणी करपली की ते आतून ओरडायचे. त्यांना कधी कशाचं सोयरसुतक नव्हतं, भाजीत मीठ नसलं तरी कळायचं नाही त्यांना... त्यांचा परत आला.

मी ताईंना म्हटलं, प्रणालीला सांगून टाका. त्या नाही म्हणाल्या. प्रणालीने कंपनीत त्यांच्या नाकाची ग्वाही देऊन ठेवली होती, त्या पोरीला तोंडघशी पाडायचं नाही असं त्यांचं म्हणणं. मी विचारलं, मग करणार कसं? त्यावर त्या म्हणाल्या, "तुयं नाक हाये ना." पुढच्याच आठवड्यात टेबल, कुप्या, पट्ट्या, सगळं आमच्या मागच्या खोलीत येऊन पडलं. मला कोणी विचारलं नव्हतं.

त्या दुपारी आठवल्या की अजून माझं डोकं दुखतं. त्या एक पट्टी बुडवून माझ्या हातात देत आणि पेन उघडून बसत.

"काय येते?"

"छान आहे, ताई."

"छान काय वास असते काय? आंबा छान, धने छान, नवं पुस्तक छान. कोन्तं छान?"

मी म्हणायचे मंद, मधुर, दरवळणारा. त्या म्हणायच्या, हे मुलींना निबंधात सांग. मी आयुष्यभर मराठी शिकवली, आणि एका पट्टीपुढे मी मुकी व्हायचे. सुवास, सुगंध, परिमळ, दरवळ, घमघमाट... मोजून पाहिलं तर हे सगळे शब्द एवढंच सांगतात की वास चांगला आहे आणि थोडा आहे की फार आहे. कशासारखा आहे ते कोणीच सांगत नाही. तीन-चार पट्ट्यांनंतर नाक बधिर व्हायचं. मग त्या मला माझ्याच कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्यायला लावत, म्हणजे नाक जाग्यावर येतं, आणि पुन्हा पट्टी. बाहेर क्लासच्या मुलांचे हॉर्न, आत कूलरची घरघर, आणि आम्ही दोघी एकमेकींवर वैतागलेल्या. एका दुपारी मी पट्टी टेबलावर टाकली आणि म्हटलं, ताई, माझ्या भाषेत नाहीत हो हे शब्द. आहेत ते सगळे तक्रारीचे. कुबट, खवट, करपट, हिरवट, ओशट, कोंदट. चांगल्या वासासाठी कोणी असे शब्द केलेच नाहीत. मराठी माणूस नाक उघडतो तो नावं ठेवायलाच.

त्यांनी पेन खाली ठेवलं. विचार केला. मग म्हणाल्या, "मंग तक्रार कर."

आणि तसं जमायला लागलं. खरं फूल एका हातात, पट्टी दुसऱ्या हातात, आणि मी नावं ठेवत जायचे. हे फारच गोडसर, फुलाला असा पाकाचा चिकटपणा नाही. यात हिरवटपणा कमी आहे, फुलाला देठाशी कच्च्या केळीच्या सालीसारखं काहीतरी येतं. हे वर, पहिल्या हुंगण्यात ठीक, पण मागे उरतं त्या तळाशी कोरडं. फुलाला तळाशी किंचित कुबट लागतं, ओल्या कपड्यांच्या गाठोड्यासारखं. या कुबटावर ताई एकदम सावध झाल्या. त्यांनी सांगितलं की तो चाफ्यातला एक खास घटक आहे, आणि गटारात तोच जास्त प्रमाणात असतो. तो काढला की चाफ्याचा साबण होतो. "थोडी घान पायजे," त्या म्हणाल्या, "त्याच्याशिवाय तो चाफाच नाई." मी सांगायचे, त्या ऐकून डोक्यात कसलातरी हिशेब करायच्या आणि एखाद्या कुपीतला अर्धा थेंब वाढवायच्या. न चाखता स्वयंपाक करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, पण हे काही वेगळंच होतं. आणि दर वेळी पट्टी माझ्या हातात देण्याआधी त्या ती एकदा स्वतःच्या नाकाशी नेत. सवयीने. मग थोडा वेळ तशाच थांबत, आणि मग देत. मला ते बघवायचं नाही. राग यायचा. कोणावर ते कळायचं नाही.

प्रणाली मुंबईहून भेटायला आली तेव्हा काम संपत आलं होतं. अकोल्याच्या घरीच भेटायचं ठरलं, आणि मला आदल्या दिवशीच बोलावून घेतलं होतं. आमचं ठरलं होतं की मी चहा आणायच्या निमित्ताने आधी वास घ्यायचा आणि ताईंना खुणेने सांगायचं. असल्या लबाडीची आम्हा दोघींनाही सवय नव्हती. प्रणाली बसली, बॅगेतून कुपी काढली, पट्टी काढली. मी स्वयंपाकघरात होते, दूध उतू जाईल म्हणून अडकले होते. दारातून मला दिसलं की तिने पट्टी टेबलावर ठेवली आणि कुपीचं बूच उघडायला खाली बघितलं. तेवढ्यात ताईंनी पट्टी उचलली, नाकाशी धरली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "तळ जरासा जड झाला, प्रणाली."

प्रणालीने मान वर केली. मग अगदी हळू म्हणाली, "मॅडम, पट्टी मी अजून बुडवली नाही."

मी ट्रे घेऊन दारात तशीच उभी. ताईंनी पट्टीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा वर्गात चुकीचं समीकरण लिहून गेल्यावर होत असेल तसा झाला. लाज नव्हती, फक्त चूक सापडल्याची नोंद. "मंग बुडव," त्या म्हणाल्या. आणि माझ्याकडे हात करून, "मायं नाक गेलं. दीड वर्ष झालं. आता हिचं वापरून राहिलो आमी."

ती मुलगी रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिने पट्टी बुडवली, हवेत हलवली आणि उठून माझ्या हातात दिली. मॅडमना दिली नाही, मला दिली. त्या संध्याकाळपर्यंत आम्ही तिघींनी काम केलं. ताई प्रमाण सांगत होत्या, प्रणाली बरोबर आणलेल्या कुप्यांतून थेंब टाकत होती, मी नावं ठेवत होते. प्रणाली म्हणाली, कंपनीत कोणाला हे सांगायची गरज नाही. जाताना ती ताईंच्या पाया पडली. ताईंना ते आवडायचं नाही, पण त्या दिवशी त्यांनी पडू दिलं.

यानंतर ते अत्तर बाजारात आलं असतं तर हा लेख मी वेगळ्या मनाने लिहिला असता. आलं नाही. कंपनीने शेवटचा नमुना पसंत केला, महिनाभर कागदपत्रं फिरली, आणि मग वरच्या लोकांनी ठरवलं की फुलांचा संच नकोच, सध्या ऊद, म्हणजे अगरूच्या लाकडाचा अरबी वास, चालतो, त्याचा करू. प्रणालीने फोन करून सांगितलं. ताई म्हणाल्या, बरं. एवढंच. मी मात्र भडकले. म्हटलं, तुम्ही कंपनीला लिहा, नाहीतर दुसऱ्या कंपनीकडे जा, अन्वरभाईंना द्या, तुमच्या भावाकडून नोटीस पाठवा, काहीतरी करा. त्या टेबल पुसत होत्या. म्हणाल्या, "जमलं का नाई जमलं एवढंच पाह्याचं होतं मले. थे जमलं. जमलं ना? तूच सांगतलं जमलं." म्हणजे शेवटी सगळा भार माझ्या नाकावर. जमलं असं मी सांगितलं होतं, आणि ते खरं की खोटं हे तपासायला त्यांच्याकडे काही साधन नव्हतं. त्या माझ्या शब्दावर विसंबून मोकळ्या झाल्या होत्या. मला ते कधीच पेललं नाही.

यंदा उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यांचा एक दिवस फोन आला आणि त्यांचा श्वास लागलेला. मला वाटलं छातीत दुखतंय, कारण तेव्हा ते दुखणं सुरू झालेलं होतं. तसं नव्हतं. त्या रस्त्यावर उभ्या होत्या. महापालिकेच्या माणसांनी त्यांच्या घरासमोरची नाली उपसली होती आणि त्यांना तिचा वास आला होता. एवढ्या वर्षांनी पहिला वास. "वसू, काय घान येऊन राहिली बाप्पा," त्या म्हणाल्या, आणि हसत होत्या. जाणारे-येणारे नाकाला रुमाल लावून जात असणार आणि ही निवृत्त प्राध्यापिका नालीशी उभी राहून हसत असणार. मग त्या गंभीर झाल्या. म्हणाल्या, नालीत जे असतं तेच चाफ्याच्या तळाशी असतं. तो आला म्हणजे चाफाही येईल. बहर कधी आहे?

म्हणून तारीख रद्द झाली. हे मला समजतं. समजतं म्हणून राग कमी होतो असं नाही.

त्या आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी आधी झाडाशी गेले, उमलू लागलेलं एक फूल तोडलं आणि आत आणलं. त्या पलंगावर बसल्या होत्या. त्यांनी चष्मा काढून ठेवला, फूल दोन्ही हातांत घेतलं.  बराच वेळ गेला. त्यांनी फूल खाली केलं, पुन्हा वर नेलं. मी विचारलं, येतो का?

"येते," त्या म्हणाल्या. "नालीच येऊन राहिली नुसती. वरचं काहीच नाई."

सोनचाफ्याच्या फुलातून त्यांना फक्त त्याची घाण आली. गोड ते सगळं अजून बंद होतं. मला रडू आलं, आणि त्या मला समजावत राहिल्या की ही चांगली खूण आहे, तळ आधी येतो, वरचं मागून येईल, पुढच्या बहराला पाहू. पुढच्या बहराला... नंतरचे सगळे दिवस त्या रोज पहाटे फूल घेत, तपासत, आणि काही न बोलता खिडकीत ठेवून देत. जाताना नागपूरची नवी तारीख विनायकांकडून लिहून घेतली. नीट घडी करून पर्समध्ये ठेवली.

प्रणालीने शेवटच्या नमुन्याची एक कुपी मला दिली होती, ती माझ्याकडे आहे. मध्यंतरी फूल आणि ती कुपी शेजारी ठेवून पाहिलं. मला दोन्ही सारखेच वाटले. पण आता मला माझाच भरवसा वाटत नाही. इतक्या दुपारी घोकल्यावर मला चाफाच त्या कुपीसारखा वाटायला लागला असेल तर? हे विचारायचं ज्यांना, त्या नाहीत. अन्वरभाईंना कुपी दाखवली. ते दुकानात मला बसायला स्टूल देऊन बराच वेळ मनगट नाकाशी धरून बसले आणि म्हणाले, "भाभी, आज मुझसे मत पूछो."

अकोल्याचं घर आवरायला आम्ही दोघं गेलो तेव्हा मी त्यांचं कपाट उघडलं. खरं सांगायचं तर मला त्यांचा वास हवा होता. माणूस गेल्यावर कपड्यांत राहतो म्हणतात तसा. साड्यांच्या घड्यांत तोंड घातलं, उशीचा अभ्रा नाकाशी धरला, टॉवेल धरला. काही नाही. कामात अडथळा येतो म्हणून त्या वासाचा साबण वापरत नसत. डोक्याला तेल नाही, पावडर नाही, घरात उदबत्ती नाही, कपाटात डांबरगोळीसुद्धा नाही. जन्मभर वासाच्या मागे लागलेल्या बाईने स्वतःचा एवढासाही मागे ठेवला नव्हता. मी त्या बिनवासाच्या कपाटासमोर उभी राहून अक्षरशः चरफडले. विनायकांनी विचारलं, काय शोधतेस? मी म्हटलं, काही नाही.

त्यांची एक सुती साडी मी आणली, राखाडी, बारीक हिरव्या काठाची. माझ्या कपाटात ठेवली. आठवड्यात तिला माझ्या कपाटाचा वास लागला, डांबरगोळ्यांचा आणि घड्यांत ठेवलेल्या चंदनी साबणाच्या कागदांचा. ती आता कोणाचीही साडी झाली होती. तेव्हापासून मी ती दर दोन-चार दिवसांनी बाहेर काढते, गच्चीवर दोरीला टाकते आणि दिवसभर ऊन खाऊ देते. संध्याकाळी आणते, नाकाशी धरते. साबण येत असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा दोरीवर. काहीही येईनासं झालं की मग घडी घालते.